हॅम (हौशी रेडिओ) परवान्याची मुदत संपून गेली आहे, ऑनलाइन नूतनीकरण कसं करू? – अमेरिकेतल्या हॅम मंडळींचा सल्ला हवा

पाऊसवेडा – १४ जून, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी,

काल रात्री क्लबच्या फील्ड डेसाठी (हॅम क्लब मैदानात स्टेशनं लावून चालवतात ते दोन दिवस) पाळ्या लावत होतो. प्रत्येकाच्या कॉलसाइनपुढे (परवान्यासोबत मिळणारी हवेवरची ओळख) परवान्याची मुदत लिहायची होती. बाकीच्यांच्या तारखा शोधता शोधता सहज स्वतःचा कॉलसाइन एफसीसीच्या (परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाच्या) यादीत टाकला, तर समोर 'एक्स्पायर्ड'. मुदत २६ मे रोजीच संपली होती. पोटात गोळाच आला. गेले जवळजवळ तीन आठवडे मी रोज सकाळी ऑफिसला जाताना गाडीतून रिपीटरवर (आवाज पुढे पोचवणाऱ्या स्थानिक केंद्रावर) बोलतोय, दोन रविवारी २० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर युरोपशीही बोललो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा आमच्या भागात (न्यू जर्सी) कितीतरी दिवस वीज नव्हती, मोबाइलही धड चालत नव्हते. पलीकडच्या घरातले गृहस्थ गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून लोकांचे निरोप पोचवत होते. तेव्हापासून मनात होतं. २०१५ मध्ये टेक्निशियनची, म्हणजे पहिल्या वर्गाची, परीक्षा दिली, २०१९ मध्ये त्यावरच्या वर्गात, जनरल झालो. जनरल झालो तेव्हा परवान्याची नवी प्रत मिळाली, आणि मी धरून चाललो की दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जाणार. प्रतीवरची तारीख नीट वाचलीच नाही.

आता विचारायचं ते असं. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल का? ऑनलाइन नूतनीकरण नेमकं कुठून आणि कसं करतात? माझ्याकडे २०१५ चा एफआरएन (एफसीसीकडचा नोंदणी क्रमांक) आहे, पण पासवर्ड चालत नाही. नोंदवलेला ईमेलही जुन्या नोकरीतला आहे आणि तो कधीच बंद झाला. मार्चमध्ये एका खाजगी कंपनीचं पत्र घरी आलं होतं, 'तुमचा परवाना संपतोय, आम्ही नूतनीकरण करून देतो'. फसवणूक समजून ते फेकलं. आज सकाळी पेटीत त्यांचं दुसरं पत्र होतं, आणि ते जवळजवळ शंभर डॉलर मागताहेत. त्यांच्याकडून करून घ्यावं का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २८ आणि २९ जूनला फील्ड डे आहे. शनिवार रात्रीची ४० मीटरची पाळी माझ्याकडे आहे. तोवर होईल का?

---

निशिगंध – १४ जून, सकाळी ८:१५

परीक्षा नाही. मुदत संपल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर वर्ग आणि कॉलसाइन दोन्ही तसेच राहतात. तू तर तिसऱ्या आठवड्यातच आहेस, त्यामुळे घाबरू नकोस.

पण आजपासून प्रसारण बंद ठेव. ऐकायला काहीच हरकत नाही. त्या कंपनीला एक डॉलरही देऊ नकोस, एफसीसीचं शुल्क ३५ डॉलर आहे आणि अर्ज स्वतः भरायला वीस मिनिटं पुरतात. पायऱ्या लिहिते, पण संध्याकाळी. आत्ता परीक्षा घ्यायला निघाले आहे (मी स्वयंसेवक परीक्षक आहे).

---

डोंगरवाट – १४ जून, सकाळी ९:०२

प्रसारण बंद कशाला? त्या दोन वर्षांना 'ग्रेस पिरियड'च म्हणतात ना. त्या काळात बोललं तर चालतं अशी माझी समजूत आहे. मी मागच्या वेळी दीड महिना तसाच बोलत होतो, कुणी काही म्हटलं नाही.

---

जुनाखारवा – १४ जून, सकाळी १०:२०

डोंगरवाट, हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमांच्या भाग ९७ मध्ये कलम ९७.२१ आहे. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. मुदत संपायच्या आत अर्ज पोचला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. मधे तारीख उलटली तरी बोलता येतं. मुदत संपल्यावर दोन वर्षांत अर्ज केला, तर परवाना परत मिळतो. पण तो प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत कोणताही अधिकार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ती सवलत कागदापुरती आहे, हवेवरची नाही. कुणी हटकलं नाही म्हणून नियम बदलत नाही. आपल्या छंदाची सगळी इमारत एकमेकांवरच्या विश्वासावर उभी आहे. हवेवर पोलीस नसतो, म्हणूनच आपण नियम काटेकोर पाळायचे.

पाऊसवेडा, तुझी चूकही सर्रास होते. वर्ग वाढला की परवान्यात बदल होतो, मुदत वाढत नाही. पत्ता बदलला, कॉलसाइन बदलला, तरी तारीख तीच राहते. दहा वर्षं फक्त नूतनीकरणानेच वाढतात.

आता कामाचं. एक गोष्ट आधी मनात पक्की कर. एफसीसीच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. कोअर्स ही तुझी ओळख आणि पैसे यांची खिडकी, आणि यूएलएस ही परवान्याची. अर्ज द्यायचा यूएलएसमध्ये, पैसे भरायचे कोअर्समध्ये. मी क्लबात ज्यांना ज्यांना मदत केली त्यातले निम्मे लोक याच दोन खिडक्यांच्या मधे अडकले होते. अर्ज देऊन ते निवांत झाले, पैसे भरायचे राहिले, आणि अर्ज फेटाळला गेला.

पहिली पायरी कोअर्स. पूर्वी एफआरएन आणि त्याचा पासवर्ड टाकला की काम व्हायचं. आता आधी स्वतःच्या चालू ईमेलने वापरकर्ता खातं उघडावं लागतं आणि मग त्या खात्याला तुझा दहा आकडी एफआरएन जोडावा लागतो. नवा एफआरएन काढू नकोस. पासवर्ड चालत नाही म्हणून लोक वैतागून नवा काढतात. मग परवाना जुन्या क्रमांकावर आणि तुम्ही नव्या क्रमांकावर, आणि नूतनीकरणाच्या यादीत काहीच दिसत नाही. जुना एफआरएन जोडताना त्याचा पासवर्ड मागतील. तो विसरला असशील तर सुरक्षा प्रश्नाचं उत्तर देऊन बदलता येतो. तेही आठवत नसेल तर कामाच्या दिवशी एफसीसीच्या मदत क्रमांकावर फोन कर. ओळख पटवून देतात ते जोडून.

दुसरी पायरी यूएलएसचा 'लायसन्स मॅनेजर'. त्याच खात्याने आत जा. तुझ्या परवान्यांची यादी दिसेल, तिथून नूतनीकरण निवड. हा पर्याय मुदत संपण्याआधी ९० दिवस आणि संपल्यावर दोन वर्षं एवढ्याच काळात दिसतो. त्याआधी कितीही शोधलं तरी सापडणार नाही. पुढे विचारतील की माहितीत बदल करायचा आहे का. तुझ्या बाबतीत हो म्हण. नुसतं नूतनीकरण केलं की अर्जावर 'आरओ' असा संकेत येतो, बदलासह केलं की 'आरएम'. जुना ईमेल तसाच ठेवून पुढे गेलास तर दहा वर्षांनी पुन्हा हेच होईल.

मग एक प्रश्न येतो, फेलनीचा (गंभीर फौजदारी) गुन्हा सिद्ध झाला आहे का. याला घाबरून काही जण फॉर्म बंद करतात. वेगमर्यादेचं साधं चलन म्हणजे फेलनी नव्हे. खरंच तसं काही असेल तर 'हो' लिहायचं आणि १४ दिवसांत खुलासा पाठवायचा. शेवटी नाव टाइप करून सही. अर्जाचा फाइल क्रमांक मिळेल तो लिहून ठेव.

तिसरी पायरी पैसे. पुन्हा कोअर्समध्ये ये, 'एफआरएन फायनान्शियल'मध्ये जा आणि तुझ्या एफआरएनसमोरचं देयक उघड. ३५ डॉलर, कार्डाने किंवा बँक खात्यातून. यासाठी दहा दिवस मिळतात, आणि ते कॅलेंडरचे दहा दिवस, शनिवार-रविवार धरून. पण थांबायचंच कशाला? अर्ज दिला की त्याच बैठकीत भरून टाक. तू २०१५ ला परवाना काढलास तेव्हा एफसीसीला काही द्यावं लागलं नव्हतं. हे शुल्क १९ एप्रिल २०२२ पासून सुरू झालं, म्हणून जुन्या लोकांच्या ते ध्यानातच येत नाही.

पैसे पोचले की साधारण एक-दोन कामाच्या दिवसांत मंजुरी मिळते. गुरुवारी १९ जूनची सुट्टी आहे, तेव्हा सोमवारी फोन करून त्याच दिवशी सगळं उरकलंस तर फील्ड डेला भरपूर वेळ आहे. यादीत 'ॲक्टिव्ह' दिसलं की तू बोलायला मोकळा. कागद हातात यायची वाट पाहायची नाही, ती नोंद हाच परवाना.

७३ (म्हणजे हॅम भाषेत शुभेच्छा)

---

कैरी – १४ जून, दुपारी १२:०५

खारवाकाका, एवढं नीट कुणीच समजावलं नव्हतं. एक शंका आहे. आमच्याकडे जीएमआरएसचा (कुटुंबाने वापरायच्या वॉकीटॉकीसारख्या रेडिओचा) परवाना आहे, मुलांसोबत डोंगरात जाताना वापरतो. त्यालाही दोन वर्षांची सवलत आहे का?

---

जुनाखारवा – १४ जून, दुपारी १२:४०

नाही, कैरी. तिथे अजिबात सवलत नाही. दहा वर्षांची मुदत, तेच ३५ डॉलर, तोच एफआरएन चालतो, पण तारीख उलटली की नवा परवाना आणि नवा कॉलसाइन. एकाच्या परवान्यावर सगळं कुटुंब बोलू शकतं, म्हणजे तुमचा गेला तर घरातल्या सगळ्यांचाच जातो. ९० दिवस आधीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.

---

निशिगंध – १४ जून, रात्री ८:५०

आत्ता घरी आले. काकांनी सगळं लिहून ठेवलंय, मला पायऱ्या लिहायची गरजच उरली नाही. तीन गोष्टी मात्र जोडते.

त्या कंपनीबद्दल. तुझा पत्ता त्यांना कुणी विकलेला नाही. यूएलएसमध्ये नाव, टपालाचा पत्ता आणि मुदतीची तारीख कुणालाही पाहता येते, तिथून उचलून पत्रं पाठवतात. घरचा पत्ता उघड नको असेल तर टपाल पेटीचा क्रमांक देता येतो, मी तेच केलं आहे. आणि ज्यांना संगणकावर जमत नाही त्यांच्यासाठी परीक्षा घेणाऱ्या समन्वयक संस्था कागदी अर्ज घेऊन पुढे पाठवतात, एआरआरएल (अमेरिकेतल्या हॅम मंडळींची राष्ट्रीय संघटना) सभासदांना ही मदत करते. माझ्या ओळखीच्या ८१ वर्षांच्या आजींचं नूतनीकरण तसंच झालं. तेव्हा कुणालाच त्या पत्रांच्या वाटेला जायची गरज नाही.

ईमेल. २९ जून २०२१ पासून परवान्याला चालू ईमेल असणं सक्तीचं आहे. एफसीसीचा ईमेल पोचला नाही आणि परत आला, तर परवाना रद्द होऊ शकतो अशी तरतूद आहे. म्हणून नोकरीतला पत्ता कधीच देऊ नये. कॉलेजचाही नको. नुसता पत्ता किंवा ईमेल बदलायला शुल्क लागत नाही, त्यामुळे ज्यांची मुदत अजून लांब आहे त्यांनीही एकदा आत जाऊन बघा.

आणि तिसरी गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. ते तीन आठवडे. झालं ते झालं, तू जाणूनबुजून केलं नाहीस. पण त्या काळातले संपर्क कुठल्या पुरस्कारासाठी मोजू नकोस. युरोपातल्या ज्या स्टेशनांशी बोललास त्यांच्या नोंदी तू पुसू शकत नाहीस, निदान आपल्या संपर्कांच्या नोंदवहीत समासात खरं काय ते लिहून ठेव. माझ्या गुरूंनी मला वही कशी ठेवायची ते शिकवलं तेव्हा पहिलं वाक्य हे होतं की वहीत खाडाखोड चालेल, खोटं चालणार नाही.

---

डोंगरवाट – १४ जून, रात्री ९:३०

काका, निशिगंध, आभार. कलम वाचलं आत्ता. माझं चुकलं होतं, आणि मी ते चुकीचं दुसऱ्यालाही सांगत होतो याचं जास्त वाईट वाटतंय.

---

पाऊसवेडा – १४ जून, रात्री १०:१०

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गाडीतल्या रेडिओचा माइक काढून कप्प्यात ठेवला, म्हणजे सवयीने हात जायला नको. वहीत २६ मेनंतरच्या नोंदींपुढे लाल शाईने लिहिलं.

आज कोअर्समध्ये नवं खातं उघडलं. एफआरएन जोडताना अडलो, सुरक्षा प्रश्नाचं उत्तर जुळत नाही. सोमवारी फोन करतो. समजा काही कारणाने २८ तारखेपर्यंत झालंच नाही, तर फील्ड डेला मी नुसता चहा करायचा का?

---

जुनाखारवा – १४ जून, रात्री १०:३५

नाही रे. परवाना नसलेल्या माणसालाही परवानाधारक नियंत्रकाच्या देखरेखीखाली माइकवर बोलता येतं. नियंत्रक तिथे हजर हवा आणि त्याचं लक्ष हवं. त्याच्याच वर्गाचे अधिकार लागू होतात. देशाबाहेर मात्र ज्या देशांशी तसा करार आहे तिथल्याच स्टेशनांशी. फील्ड डे मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या स्टेशनांचाच असतो, आणि कॅनडाशी करार आहे. तेव्हा रात्रीची पाळी जाणार नाही, फक्त शेजारी एक जण बसेल.

आणि हो, क्लबच्या कॉलसाइनची तारीख पाहिलीस का? फील्ड डे त्यावरच चालवता ना? क्लबच्या परवान्यालाही दहाच वर्षं असतात, आणि त्याचं नूतनीकरण विश्वस्ताला क्लबच्या एफआरएनवरून करावं लागतं. विश्वस्त बदलतात, गाव सोडून जातात, आणि मग ते कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

---

पाऊसवेडा – १५ जून, सकाळी ६:५५

काका, आत्ता पाहिलं. क्लबची मुदत २० ऑगस्ट! विश्वस्तांना फोन केला, ते झोपेतून उठले. त्यांना माहीतच नव्हतं. ९० दिवसांच्या आत आलंय, म्हणजे आजच करता येईल ना?

---

जुनाखारवा – १५ जून, सकाळी ७:२०

आजच करा. मुदतीच्या आत अर्ज गेला की मधला काळही सुरक्षित राहतो. ३५ डॉलर क्लबलाही लागतात. खजिनदाराच्या बैठकीची वाट पाहत बसू नका, दहा दिवस चुटकीसरशी जातात.

---

सह्याद्रीवारा – १५ जून, सकाळी ११:००

विषयाला थोडा फाटा फोडतो. मी २०२० मध्ये कायमचा पुण्याला परतलो. अमेरिकेचा परवाना २०२७ पर्यंत आहे. तिथे आता घर नाही. नूतनीकरण करता येईल का? आणि तो परवाना इथे चालतो का?

---

निशिगंध – १५ जून, दुपारी १२:१५

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही, एफसीसीचा परवाना भारतात आपोआप लागू होत नाही. तिथे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. एएसओसीची (तिथल्या हौशी रेडिओ चालकाच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्या, अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. जनरल वर्गाला व्हीयू२ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने. तो हातात येईपर्यंत प्रसारणाचं बटण दाबू नका.

अमेरिकेच्या नूतनीकरणासाठी तिथला टपालाचा पत्ता लागतो. भाऊ, मित्र, ज्यांच्याकडे तुमचं टपाल खरोखर घेतलं जाईल असा पत्ता त्यांना विचारून द्या. ईमेल तुमचा स्वतःचा. नागरिकत्वाची अट नाही.

पुण्यातून २० मीटरवर आलात तर कळवा. आमच्याकडे सकाळ असते तेव्हा कधी कधी उत्तर ध्रुवावरून भारताची स्टेशनं फार सुंदर ऐकू येतात. आवाजाला एक थरथर असते, ध्रुवावरून आल्याची खूण. पलीकडून कुणी मराठीत 'ऐकू येतंय का' म्हणालं की पुढे अर्धा दिवस माझं कामात लक्ष लागत नाही.

---

पाऊसवेडा – १६ जून, संध्याकाळी ५:४५

सोमवारचा अहवाल. सकाळी मदत क्रमांकावर फोन केला, ओळख पटवली आणि एफआरएन नव्या खात्याला जोडला गेला. लायसन्स मॅनेजरमध्ये परवाना दिसला. बदलासह नूतनीकरण निवडलं, ईमेल बदलला. २०१९ नंतर घर बदललंय, तो पत्ताही बदलला. अर्जावर काकांनी सांगितलेला 'आरएम' संकेत होता.

सही करून अर्ज गेल्यावर मी खरोखरच खुर्चीतून उठलो होतो. मग 'दोन खिडक्या' आठवलं. परत बसलो, कोअर्स उघडलं, ३५ डॉलर भरले. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी शंभर टक्के विसरलो असतो, कारण अर्ज गेल्याच्या पानावर काम झाल्यासारखंच वाटतं.

क्लबचाही अर्ज काल गेला, पैसे विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून भरले.

---

निशिगंध – १६ जून, रात्री ९:१०

छान. मंजुरी झाली की ईमेलवर अधिकृत प्रतीचा दुवा येतो. तो ३० दिवसच चालतो, लगेच उतरवून घे आणि एक प्रत छापून गाडीत ठेव. राहिलं तर लायसन्स मॅनेजरमधूनही मिळते. यादीतल्या सार्वजनिक पानावरून जी निघते ती नुसती संदर्भाची प्रत असते, ती नको.

आणि दहा वर्षांत एक नियम बदललाय तो तुझ्या नजरेतून सुटला असू शकतो. अँटेनाजवळच्या माणसांवर पडणाऱ्या रेडिओ लहरींचं मूल्यमापन. पूर्वी कमी शक्तीच्या स्टेशनांना त्यातून सूट होती. ३ मे २०२१ पासून ती पद्धत गेली, आणि जुन्या स्टेशनांना ३ मे २०२३ पर्यंत वेळ होता. नूतनीकरणाशी त्याचा थेट संबंध नाही, पण तुझी २० मीटरची तार गच्चीच्या कठड्यालगत जाते असं तू मागे लिहिलं होतंस. गणकयंत्र ऑनलाइन आहेत, शक्ती, फ्रिक्वेन्सी आणि अंतर टाकलं की उत्तर येतं. मुलं खेळतात तिथे, म्हणून सांगते.

---

पाऊसवेडा – १८ जून, सकाळी ६:३०

'ॲक्टिव्ह'!!

आत्ता उठल्या उठल्या पाहिलं. प्रत उतरवली, एक गाडीत, एक शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) भिंतीवर. माइक परत जागेवर लावला. रिपीटरवर सकाळच्या मंडळींना सगळं खरं सांगितलं, तर त्यातल्या दोघांनी गाडी बाजूला थांबवून आपापली तारीख पाहिली. एकाची सप्टेंबरमध्ये आहे.

मूल्यमापन या आठवड्यात करतो. तार आणि कठडा यांच्यातलं अंतर मोजलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघालं.

---

उंबरठा – १९ जून, दुपारी ३:२०

मी हॅम नाही. तरी विचारते.

माझे बाबा हॅम होते. फेब्रुवारीत गेले. त्यांच्या टेबलावर सगळं तसंच आहे, रेडिओ, वह्या, मोर्सची पितळी 'की' (ठोके द्यायची कळ). त्यांचा परवाना पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये संपतोय. त्यांच्या खात्याचा तपशील एका वहीत मला सापडला. तुमचं वाचून वाटलं, मीच आत जाऊन ३५ डॉलर भरून नूतनीकरण करावं का? निदान त्यांचा कॉलसाइन तरी राहील. त्यांनी तो फार कष्टाने मिळवला होता. एक्स्ट्राची, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाची, परीक्षा त्यांनी नव्वदच्या दशकात दिली, तेव्हा मिनिटाला २० शब्दांचं मोर्स लागायचं. आम्ही लहान होतो, जेवताना ते चमच्याने ताटावर सराव करायचे. नंतर त्यांनी अर्ज करून तीन अक्षरं आणि मधे एक आकडा असा छोटा कॉलसाइन घेतला.

---

निशिगंध – १९ जून, संध्याकाळी ६:४०

उंबरठा, वाचून डोळे भरले.

नूतनीकरण मात्र करू नका. परवाना व्यक्तीचा असतो, त्यांच्या नावाने दुसऱ्याने सही करता येत नाही. तसं केलंत तर जे राखायचं आहे त्यालाच धोका. पण दुसरा रस्ता आहे, आणि तो सरळ आहे.

दिवंगत हॅमचा कॉलसाइन त्याच्या जवळच्या नातेवाइकाला मागता येतो. इतरांना त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं, मुलीला थांबावं लागत नाही. आधी एफसीसीला निधन झाल्याचं कळवून, पुरावा जोडून परवाना रद्द करून घ्यायचा. मग तुमच्या स्वतःच्या परवान्यावर तो कॉलसाइन मागणारा अर्ज करायचा, शुल्क तेच ३५ डॉलर. एक अट आहे. कॉलसाइनचा गट तुमच्या वर्गात बसणारा हवा. बाबांचा चार खुणांचा आहे, म्हणजे एक्स्ट्रासाठी राखलेला. तुम्हालाही एक्स्ट्रापर्यंत जावं लागेल.

घाबरू नका. मोर्सची अट २३ फेब्रुवारी २००७ ला पूर्ण गेली. टेक्निशियनला ३५ प्रश्न, २६ बरोबर हवेत. जनरललाही तसंच. एक्स्ट्राला ५०, त्यातले ३७. प्रश्नांचे संच आधीच जाहीर असतात. तिन्ही एकाच दिवशी देता येतात, पण मी म्हणेन घाई नको. एकच ध्यानात ठेवा, निधनापासून दोन वर्षं झाली की तो कॉलसाइन इतरांनाही मागता येऊ शकतो. म्हणून रद्द करण्याचा अर्ज आताच करण्याऐवजी तुमचा अभ्यास कुठवर आलाय ते पाहून करा, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एक्स्ट्रा व्हायचं असं धरा.

तुम्ही कुठे असता?

---

उंबरठा – १९ जून, रात्री ८:०५

ताई, मी पेनसिल्व्हेनियात, डेलावेअर नदीच्या अलीकडे. बाबांच्या वह्यांमध्ये अभ्यासाच्या त्यांच्या नोंदी आहेत, मराठीत. 'रोध म्हणजे काय, पाइपातल्या पाण्यासारखा विचार कर' असं काय काय लिहिलंय. आज पहिल्यांदा नीट वाचलं.

---

पाऊसवेडा – १९ जून, रात्री ८:३०

ताई, मग आमचं फील्ड डेचं मैदान तुमच्यापासून पाऊण तासावर आहे. परवाना नसलेल्यांसाठी तिथे वेगळं स्टेशन लावतो, शेजारी अनुभवी माणूस बसलेला असतो. शनिवारी दुपारी २ ला सुरू, रविवारी ५ च्या आधी संपतं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

शक्य असेल तर ती पितळी की घेऊन या. आमच्या मोर्सच्या तंबूत एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ असतात, ते बाबांच्या कॉलसाइनला ओळखतात का विचारू.

---

उंबरठा – १९ जून, रात्री ८:४५

येते. तिची एक वायर तुटलेली आहे.

---

जुनाखारवा – १९ जून, रात्री ८:५२

आण बेटा. सोल्डरिंग माझ्याकडे आहे.